वेबसाइट झाली, पण गूगलवर दिसत नाही: सर्च कन्सोलमधली कामं कोणत्या क्रमाने करायची

नागपुरात वेबसाइट करून घेतलेल्या दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, साइट तर झाली, पण गूगलवर दिसत काऊन नाही?" त्यावर त्याला मिळणारं उत्तरही बहुतेक ठरलेलंच असतं. गूगलला सबमिट करावी लागते, त्याचे वेगळे पैसे पडतील. मग इतवारीतला मसालेवाला असो की पेंच-ताडोब्याला गाड्या पाठवणारा टॅक्सीवाला, पैसे देऊन मोकळा होतो आणि साइट तरीही दिसत नाही.

गूगलचं सर्च कन्सोल आणि बिंगचं वेबमास्टर टूल्स ही दोन्ही साधनं फुकट आहेत. ती चालवायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. गैरसमज होतो तो त्यांच्या कामाबद्दल. सर्च कन्सोल तुमचं पान गूगलमध्ये घालत नाही. गूगलचा क्रॉलर (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम), म्हणजे गूगलबॉट, तुमच्या पानापर्यंत पोचला का, पोचला तर त्याला काय दिसलं आणि पान त्याने का ठेवलं नाही, हे तिथे कळतं. म्हणून सबमिटचं बटण दाबण्याआधी अडलंय कुठे ते शोधायचं. या लेखातला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी खात्री करा

गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत साइट लिहा, लगेच कोलन द्या आणि जागा न सोडता तुमचं डोमेन लिहा. काही पानं आली तर साइट इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या पानांच्या साठ्यात, आहे. म्हणजे तुमचा प्रश्न निकालातल्या क्रमांकाचा आहे, आणि तो विषय निराळा. एकही पान आलं नाही तर पुढे वाचा. ही चाचणी ढोबळ आहे, सगळी पानं ती दाखवेलच असं नाही. एखाद्या पानाबद्दल पक्कं उत्तर हवं असेल तर ते सर्च कन्सोलमध्येच मिळतं.

इथे एक घोळ नेहमी होतो. "आपलं दुकान तर गूगलवर दिसते" असं सांगणाऱ्याने बरेचदा नकाशातली नोंद पाहिलेली असते. ती गूगल बिझनेस प्रोफाइलची असते. 'जवळचं सावजी भोजनालय' शोधल्यावर वर येणारी नकाशाची यादी तिथून येते. तिचा आणि तुमच्या वेबसाइटच्या इंडेक्सिंगचा थेट संबंध नाही. दोन्ही नोंदी हव्यात, आणि प्रोफाइलमध्ये वेबसाइटचा पत्ता भरलेला हवा.

सर्च कन्सोलची नोंद मालकाच्या जीमेलवर

आधी हे गूगल वेबमास्टर टूल्स होतं, २०१५ मध्ये त्याचं नाव सर्च कन्सोल झालं. गूगल खात्याने आत गेलात की 'अ‍ॅड प्रॉपर्टी' म्हणून दोन पर्याय समोर येतात. 'डोमेन' या पर्यायात एचटीटीपी, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले-नसलेले सगळे पत्ते आणि सबडोमेन एकत्र येतात. 'यूआरएल प्रीफिक्स'मध्ये तुम्ही लिहिलेला नेमका पत्ता आणि त्याच्या पुढचा भागच येतो. स्वतःचं डोमेन असेल तर पहिलाच पर्याय घ्या. दुसऱ्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लिहायचं राहिलं तर आकडे रिकामे दिसतात आणि माणूस साइट बंद आहे असं समजून बसतो.

डोमेनची मालकी फक्त डीएनएसमधूनच, म्हणजे डोमेनच्या नोंदींतूनच, सिद्ध करता येते. सर्च कन्सोल एक लांबलचक ओळ देतं, ती कॉपी करा. डोमेन जिथून विकत घेतलं तिथे लॉगिन करून डीएनएसच्या पानावर नवीन रेकॉर्ड जोडा. प्रकार टीएक्सटी, नावाच्या रकान्यात @ हे चिन्ह आणि मजकुरात ती ओळ. सेव्ह करा, मग सर्च कन्सोलमध्ये परत येऊन 'व्हेरिफाय' दाबा. लगेच झालं नाही तर घाबरू नका. रेकॉर्ड पसरायला कधी काही मिनिटं लागतात, कधी एक-दोन दिवस. दोन दिवसांनंतरही अडलं असेल तर नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी सांभाळणारे सर्व्हर, तपासा. डोमेन एका कंपनीचं आणि नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या सेवेचे असतील तर रेकॉर्ड क्लाउडफ्लेअरमध्येच टाकावा लागतो. काम झाल्यावर तो रेकॉर्ड काढू नका. गूगल तो अधूनमधून पुन्हा तपासतं, सापडला नाही तर मालकी जाते.

नोंद कोणाच्या जीमेलवर झाली याकडे मात्र नीट लक्ष द्या. साइट बनवणारा पोरगा आपल्याच खात्यावर व्हेरिफिकेशन करून ठेवतो, वर्षभरात पुण्याला नोकरीला जातो आणि फोन उचलणं बंद करतो. मालकाजवळ काहीच राहत नाही. व्हेरिफिकेशन मालकाच्या खात्यावर करा, आणि काम करणाऱ्याला सेटिंग्जमधल्या 'युझर्स अँड परमिशन्स'मधून 'फुल' परवानगी द्या. ती पाहिजे तेव्हा काढता येते. आधीच दुसऱ्याच्या खात्यावर नोंद असली तरी डीएनएस तुमच्या हातात असेल तर काही अडत नाही. तुम्ही स्वतः नव्याने मालकी सिद्ध करू शकता, जुन्याला विचारायची गरज पडत नाही.

नोंद झाल्या झाल्या आलेखात काही दिसणार नाही. आकडे प्रॉपर्टी जोडल्यापासून जमायला लागतात आणि शोधांची माहिती १६ महिने राहते. म्हणून साइट अर्धवट असली तरी नोंद आत्ताच करून ठेवा.

साइटमॅप

साइटमॅप म्हणजे तुमच्या पानांच्या पत्त्यांची फाइल. वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनात आवृत्ती ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, ती आपोआप बनते. एसईओचं, म्हणजे शोधात वर येण्यासाठीचं, प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) असेल तर ते स्वतःची वेगळी बनवतं. ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडून पाहा. यादी दिसली की सर्च कन्सोलच्या 'साइटमॅप्स' विभागात पत्ता टाकून सबमिट करा. 'सक्सेस' आलं म्हणजे झालं. 'कुडन्ट फेच' आलं आणि फाइल ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडत असेल तर एक-दोन दिवस थांबून पुन्हा पाहा.

एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते बसतात, आकार ५० एमबीपर्यंत चालतो. नागपुरातल्या दुकानाला या मर्यादेची काळजी करायचं कारण नाही. काळजी करा ती यादीत नको ती पानं असण्याची: थीमसोबत आलेली नमुन्याची पानं, रिकाम्या कॅटेगरी, 'हॅलो वर्ल्ड' नावाची पोस्ट. प्रायॉरिटी आणि चेंजफ्रीक या रकान्यांवर वेळ घालवू नका, गूगल ते पाहतच नाही. लास्टमॉड, म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख, पाहतं, पण ती खरी असेल तरच. काही प्लगइन रोज सगळ्या पानांवर आजची तारीख टाकतात. मग गूगल त्या तारखेवर विश्वास ठेवणं सोडून देतं.

साइटमॅप ही लग्नाची पत्रिका समजा. पत्रिका पोचली म्हणून पाहुणा पंगतीला बसेलच असं नाही.

एक पान घेऊन पूर्ण तपासा

आता मुख्य काम. वरच्या 'यूआरएल इन्स्पेक्शन'च्या पट्टीत तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या पानाचा पत्ता टाका. पहिलं उत्तर येतं ते गूगलच्या साठ्यातलं, म्हणजे गूगलबॉट शेवटचा आला तेव्हाचं. आजची परिस्थिती पाहायला 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' दाबावं लागतं. काल दुरुस्ती केली आणि आज जुनाच दोष दिसतो म्हणून डोकं धरणारे बहुतेक हे बटण दाबतच नाहीत.

लाइव्ह तपासणीनंतर 'व्ह्यू टेस्टेड पेज' उघडा. तिथे गूगलला मिळालेलं एचटीएमएल आणि पानाचं चित्र दिसतं. चित्र कोरं असेल, किंवा मेन्यू आहे पण मजकूर नाही असं असेल, तर मजकूर जावास्क्रिप्टमधून येतोय आणि वाटेत कुठेतरी अडतोय. तपासणी मोबाइलच्या गूगलबॉटने होते, कारण गूगल आता मोबाइलवरचं पानच इंडेक्स करतं. फक्त डेस्कटॉपवर दिसणारा परिच्छेद त्याच्या हिशेबात नाही.

लाइव्ह तपासणी नापास झाली तर कारण बहुधा पुढच्या तिघांपैकी एक असतं.

नोइंडेक्स, म्हणजे हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका अशी पानातली सूचना. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान आहे. त्यात सर्च इंजिनांना परावृत्त करणारी एक चौकट असते. साइट तयार होत असताना डेव्हलपर ती टिक करतो, ते बरोबरच आहे. साइट सुरू करताना ती काढायची राहते. नव्या साइटच्या बाबतीत मी सगळ्यात आधी हीच चौकट पाहतो, आणि तुम्हीही तेच करा.

रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे क्रॉलरने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल. ही प्रथा १९९४ पासूनची, २०२२ मध्ये तिचं अधिकृत मानक झालं. डोमेनपुढे तिरकी रेघ देऊन हे नाव इंग्रजीत टाका आणि फाइल वाचा. डिसअलाऊपुढे नुसती एक तिरकी रेघ असेल तर तुम्ही अख्खी साइट बंद करून ठेवली आहे. दुरुस्ती केल्यावर थोडा धीर धरा, गूगल ही फाइल साधारण २४ तासांपर्यंत जुनीच वापरतं. आणखी एक गुंता: पान लपवायचं म्हणून रोबोट्स आणि नोइंडेक्स दोन्ही लावले तर गूगल पान उघडतच नाही. पान उघडलं नाही म्हणून त्याला नोइंडेक्स दिसत नाही, आणि बाहेरून लिंक असेल तर नुसता पत्ता निकालात येऊ शकतो. पान काढायचं असेल तर नोइंडेक्स लावा आणि रोबोट्समध्ये मोकळं ठेवा.

तिसरं कारण आपल्याकडे फार कमी लोकांच्या लक्षात येतं: परदेशी ट्रॅफिक बंद करणं. आपलं गिऱ्हाईक नागपूर, भंडारा, वर्ध्याचं, मग बाहेरचे हल्ले कशाला हवेत, या विचाराने होस्टिंगवाला किंवा सिक्युरिटी प्लगइन भारताबाहेरचे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) अडवतं. गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपीवरून येतो. तुमच्या मोबाइलवर साइट झकास उघडते आणि गूगलला ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा संदेश, मिळतो. लाइव्ह तपासणीत हा दोष लगेच सापडतो, फक्त साइट डोळ्यांनी पाहून कधीच सापडणार नाही.

तपासणी पास झाली की मग 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबा. एकदाच. त्याच पानासाठी पुन्हा पुन्हा दाबून रांगेत पुढे जाता येत नाही, आणि रोजच्या विनंत्यांनाही मर्यादा आहे. क्रॉल व्हायला, म्हणजे गूगलबॉट पानावर यायला, काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. तासाभरात इंडेक्स करून देतो म्हणणारे बरेचदा गूगलच्या इंडेक्सिंग एपीआयचा (प्रोग्राममधून विनंती पाठवायची सोय) उल्लेख करतात. तो एपीआय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे. बर्फीच्या दुकानासाठी तो नाही.

रिपोर्टातली कारणं वाचायची कशी

काही आठवड्यांनी 'पेजेस'चा रिपोर्ट उघडा. 'नॉट इंडेक्स्ड'चा आकडा मोठा दिसला म्हणून दचकू नका. सगळी पानं इंडेक्स व्हावीत हा हेतूच चुकीचा आहे. 'पेज विथ रीडायरेक्ट' (दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेलं पान) आणि 'अल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनॉनिकल टॅग' (दुसऱ्या मुख्य पानाची प्रत) या ओळी बहुतेक वेळा निरोगी असतात. पान खरोखर काढलं असेल तर ४०४ (पान सापडलं नाही) सुद्धा चालतं. सर्व्हर एरर, म्हणजे पाचशेच्या घरातले दोष, दिसले तर होस्टिंगवाल्याला गाठा. सॉफ्ट ४०४ म्हणजे पान 'सगळं ठीक आहे' असं सांगतं पण आत काहीच नाही. दुकानाच्या साइटवर हे माल संपलेल्या रिकाम्या पानांचं होतं.

जीव खातात त्या दोन ओळी. 'डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता माहीत आहे, पण गूगल अजून तिथे गेलेलं नाही. साइट नवी असेल तर वाट पाहा. जुनी असेल तर दोन गोष्टी करा. त्या पानाला होमपेजवरून किंवा मेन्यूतून साधी लिंक द्या. फक्त साइटमॅपमध्ये असलेलं आणि कुठूनच लिंक नसलेलं पान गूगललाही बिनमहत्त्वाचं वाटतं. मग सेटिंग्जमधला 'क्रॉल स्टॅट्स' उघडून सर्व्हरला उत्तर द्यायला किती वेळ लागतोय ते पाहा. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर साइट दमत असेल तर गूगल स्वतःहून भेटी कमी करतं.

'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' जास्त बोचणारी. गूगल आलं, वाचलं आणि ठेवलं नाही. इथे तांत्रिक उपाय शोधत बसणं म्हणजे वेळ वाया. पानात काय आहे ते पाहा. एसी दुरुस्ती, पेस्ट कंट्रोल, पॅकर्स-मूव्हर्स यांच्या साइटवर धरमपेठ, मानेवाडा, प्रतापनगर, हिंगणा, कामठी अशी एकेका भागाची पानं सापडतात. मजकूर तोच, फक्त भागाचं नाव बदललेलं. गूगलच्या नियमांत अशा पानांना डोअरवे म्हणतात आणि ती स्पॅममध्ये धरली जातात. वीस पातळ पानांपेक्षा एकच भरीव पान करा. कोणत्या भागात त्याच दिवशी येता, कामठी-हिंगण्याला जादा आकार किती, एसीच्या कोणत्या कामाला साधारण किती खर्च, केलेल्या कामांचे स्वतः काढलेले फोटो. असं पान ठेवण्याजोगं असतं. उरलेली काढा किंवा त्यावर रीडायरेक्ट करा.

हंगामी मालवाल्यांसाठी थोडं वेगळं. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. दर हंगामाला नवं पान काढायचं आणि संपला की डिलीट करायचं, ही सवय सोडा. संत्र्यांच्या ऑर्डरचं पान एकच ठेवा, पत्ता तोच, त्यात वर्ष घालू नका. हंगाम नसताना 'बुकिंग अमुक महिन्यात सुरू' एवढं लिहून पान चालू ठेवा. नवा भाव टाकला की रिक्वेस्ट इंडेक्सिंग दाबा. आधीपासून इंडेक्समध्ये असलेलं पान अपडेट होणं हे नवं पान शिरण्यापेक्षा सोपं असतं.

दोष दुरुस्त केल्यावरच 'व्हॅलिडेट फिक्स' दाबा. त्याला दोन आठवडे किंवा जास्तही लागतात. रिपोर्टही काही दिवस मागेच असतो, तेव्हा रोज सकाळी उघडून पाहण्यात अर्थ नाही.

मराठी साइटच्या खास अडचणी

पहिली, पत्त्याची. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह यूआरएलमध्ये सांकेतिक रूपात ९ जागा घेतं. वर्डप्रेसमध्ये पोस्टच्या पत्त्याला २०० जागा मिळतात, म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून साधारण २२ चिन्हं. 'संत्रा बर्फी घरपोच नागपूर' एवढ्यातच ती संपतात. शीर्षक लांब असेल तर पत्ता शब्दाच्या मध्येच तुटतो. गूगलला देवनागरी पत्ता चालतो, त्यामुळे इंडेक्सिंग अडत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊ शकतो आणि लोक त्यावर बोट ठेवायला कचरतात. मी पत्ता रोमन लिपीत, छोटा ठेवतो. आधीच प्रसिद्ध झालेले पत्ते बदलणार असाल तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण) लावायला विसरू नका.

दुसरी, जुन्या फॉन्टची. कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं 'नागपूर' संगणकाच्या लेखी यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे असं असतं. डोळ्यांना मराठी दिसतं, गूगलला निरर्थक रोमन अक्षरं मिळतात. संस्थांच्या जुन्या साइट आणि डीटीपीवरून काढलेल्या पीडीएफमध्ये हे अजून भरपूर सापडतं. मजकुरातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं नाही तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर, इंडेक्सिंग नंतर. मेन्यूकार्डाचा फोटो टाकून पान तयार झालं समजणाऱ्यांनीही पदार्थांची नावं आणि भाव मजकूर म्हणून लिहून घ्यावेत.

तिसरी, दोन भाषांची. मराठी आणि इंग्रजी पानांचे पत्ते वेगळे हवेत. एकाच पत्त्यावर बटण दाबून भाषा बदलत असेल तर गूगलला एकच भाषा दिसते. पाहुणा कुठून आला ते बघून भाषा आपोआप बदलणारी साइट असेल तर अमेरिकेतून येणाऱ्या गूगलबॉटला कायम इंग्रजीच मिळतं आणि मराठी पानं इंडेक्सला पोचतच नाहीत. दोन्ही पानं एकमेकांना साध्या लिंकने जोडा, वर एचरेफलँग टॅग (पान कोणत्या भाषेचं ते सांगणारी खूण) लावा. मराठीचा कोड एमआर. एमएच लिहिणारे भेटतात, पण राज्याचा कोड इथे चालत नाही.

बिंगसाठी पाच मिनिटं

बिंग कोण वापरतं, असं विचारू नका. याहू आणि डकडकगोचे निकाल मोठ्या प्रमाणात बिंगवरून येतात, मायक्रोसॉफ्टचं कोपायलटही त्याच इंडेक्सवर चालतं. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये गेल्यावर 'सर्च कन्सोलमधून इम्पोर्ट' हा पर्याय घ्या. मालकी आणि साइटमॅप दोन्ही आपोआप येतात. म्हणूनच बिंग शेवटी ठेवलं.

बिंगकडे इंडेक्सनाऊ नावाची सोय आहे. २०२१ मध्ये बिंग आणि यांडेक्सने ती आणली. पान नवं आलं, बदललं किंवा काढलं की साइट स्वतःच कळवते. वर्डप्रेसला प्लगइन टाकलं की झालं, क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर तिथेही ती सुरू करता येते. गूगल यात सामील नाही, त्यामुळे तिकडचा साइटमॅप तसाच चालू ठेवा. गूगलला साइटमॅप बदलल्याचं कळवणारा जुना पिंगचा पत्ता मात्र बंद झाला आहे. जुन्या प्लगइनमध्ये त्याची सेटिंग अजून दिसत असेल तर ती बंद करा.